गाव उठले, गाव उठवले

‘द लास्ट ऑफ अस’ या अमेरिकी मालिकेचा तिसरा भाग २९ जानेवारी २०२३ रोजी प्रथम प्रक्षेपित झाला. एका बुरशीमुळे माणसे आपले माणूसपण गमावून चावरी होतात आणि जग कोसळते, ही मालिकेची मूळ कल्पना. काटेकोर बोलायचे तर हे झोंबी नव्हेत, कारण ते मेलेले नसतात. पण प्रेक्षक त्या भेदाची फारशी पर्वा करत नाही. या भागाची गंमत अशी की त्यात चावऱ्यांचा वावर नावापुरता आहे. साऱ्या गावाला लष्कर ट्रकमध्ये भरून नेते, तळघरात लपलेला बिल नावाचा एक माणूस तेवढा मागे राहतो, गावाभोवती कुंपण घालतो, सापळे लावतो, आणि चार वर्षांनी त्यातल्या एका खड्ड्यात फ्रँक नावाचा दुसरा माणूस पडतो. पुढची सोळा वर्षे ते दोघे त्या रिकाम्या गावात संसार करतात. स्ट्रॉबेरी पिकवतात, भांडतात, म्हातारे होतात. प्रेमकथा म्हणून या भागाची पुष्कळ स्तुती झाली आणि ती योग्यच होती.

माझे लक्ष मात्र सुरुवातीच्या एका छोट्या प्रसंगात अडकले. वाटेने चाललेल्या जोएल आणि एली या प्रवाशांना रानात सांगाड्यांचा ढीग दिसतो. त्यात कपड्यांच्या चिंध्या आहेत, तान्ह्या मुलाचे पांघरूण आहे. जोएल एलीला समजावतो की ही माणसे बाधित नव्हती. सुरक्षित छावणीत जागा उरली नव्हती, म्हणून त्यांना वाटेतच मारले. मेलेल्या माणसाला रोग होत नाही, हा त्यामागचा हिशेब.

कल्याणहून मुरबाड, सरळगाव मागे टाकून माळशेजच्या घाटाकडे जाताना टोकावडे लागते. त्या परिसरातल्या एका विद्यार्थ्याने हा भाग भ्रमणध्वनीवर पाहिला आणि मला विचारले, “सर, ती माणसं आजारी नव्हती ना? मग गाव का उठवलं?” प्रश्न साधा होता, पण त्यातले क्रियापद माझ्या मनात घर करून राहिले. मराठीत गाव ‘उठते’ आणि गाव ‘उठवले’ही जाते. पहिल्या क्रियापदात कर्ता गावच आहे: पाणी आटले, रोग आला, लोकांनी ठरवले आणि गाव उठले. दुसऱ्यात कर्ता बाहेरचा, बहुधा अनामिक असतो. धरणाखाली गेलेल्या गावांविषयी आमच्याकडे नेहमी दुसरे रूप वापरतात, तेही चूक न होता. व्याकरणात हा फक्त प्रयोजक क्रियापदाचा मामला आहे. महाराष्ट्रातल्या प्लेगचा इतिहास वाचू लागलो तेव्हा मला वाटले की तो इतिहास या दोन रूपांच्या मधल्या जागेत घडला आहे, आणि आपण लिहून ठेवला तो मुख्यतः दुसऱ्या रूपाचा.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. त्या वेळचे मराठी नाव ‘ग्रंथिक सन्निपात’. लोकांच्या तोंडी ‘गाठीचा ताप’. पुढच्या काही महिन्यांत शहर अक्षरशः ओसरले. १८९१ च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या मुंबईतून १८९७ च्या आरंभापर्यंत सुमारे निम्मी माणसे निघून गेली असे अंदाज आहेत. गिरण्यांना हात मिळेनात. बोटींनी माणसे कोकणात उतरली, आगगाडीने देशावर गेली, आणि ज्यांना यांपैकी काहीच परवडत नव्हते ती पायी निघाली. रेल्वेमार्गावर प्रवाशांच्या वैद्यकीय तपासणीची ठाणी उभी राहिली. कल्याण हे त्यांपैकी एक. ज्या जंक्शनवरून आज आमच्या भागातली मुले नोकरीसाठी लोकल पकडतात, तिथे माणसे रांगेत उभी करून त्यांच्या काखा-जांघा चाचपल्या जात. ताप दिसला की माणूस बाजूला. त्याच्या सोबत्यांचेही पुढे काय व्हायचे ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. आकाराने अगदी लहान असा हा कायदा, पण त्याने सरकारला माणसाला, घराला, सामानाला आणि वाटेला हात घालण्याचा जवळजवळ अमर्याद अधिकार दिला. घरे तपासा, रोग्याला इस्पितळात न्या, सोबत्यांना विलगीकरणाच्या छावणीत ठेवा, सामान जाळा, कौले उतरवून घरात ऊन येऊ द्या. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी तीन अक्षरे रंगवीत. त्या आधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. आत गेलेला माणूस परत येत नाही, एवढे त्यांना पुरेसे होते. हे अज्ञान होते असे त्या वेळचे अधिकारी म्हणत. पण रुग्णालयात येणारे रोगी बहुधा शेवटच्या घटकेला येत आणि औषध तर कोणाकडेच नव्हते. तेव्हा आत गेलेला परत येत नाही, हे निरीक्षण म्हणून अचूकच होते.

पुण्याची कथा सर्वांना पाठ आहे. रँडची प्लेग कमिटी, मार्च ते मे १८९७ मधली घरझडती, गोरे सोजीर माजघरात आणि देवघरात शिरले, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मेला, रँड ३ जुलैला. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. शाळेच्या पुस्तकात प्लेग येतो तो याच वाटेने, आणि पिस्तुलाचा आवाज झाला की निघून जातो. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांच्या १९७९ च्या चित्रपटाचे नावही ‘२२ जून १८९७’ असेच आहे. चित्रपट चांगला आहे, माझी तक्रार त्याच्याविषयी नाही. तक्रार आहे ती आपल्या स्मरणशक्तीविषयी. पुढच्या दोन-अडीच दशकांत भारतात प्लेगने एक कोटीच्या आसपास माणसे नेली, त्यांत मुंबई इलाख्याचा वाटा फार मोठा. आणि या सगळ्याचे आपण एका तारखेत संक्षेपीकरण केले. तारखेला नायक असतो. साथीला नसतो.

मग ती बाकीची माणसे जगली कशी? येथे ‘उठले’ हे क्रियापद येते.

गावोगाव एक शब्दप्रयोग रूढ होता, ‘उंदीर पडला’. घरात मेलेला उंदीर दिसला की ताप येण्याची वाट न पाहता माणसे घर सोडीत. भांडीकुंडी, धान्य, जनावरे घेऊन शिवारात जात. कुडाच्या भिंती आणि वर गवत-पेंढ्याचे छप्पर, अशा खोपटांत दोन-तीन महिने काढीत. गावात कोणी राहत नसे. दिवसा एखादा जाऊन तुळशीला पाणी घालून येई एवढेच. रोग ओसरला, उंदीर पडायचे थांबले, की परत.

आज हे वाचताना शहाणपणाचे वाटते. त्या काळच्या विज्ञानाला तसे वाटत नव्हते. अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोचतो याविषयी गोंधळ होता. जमीन, हवा, धान्य, मळके कपडे, गरिबांची घाण, असा संशय सर्वत्र फिरत होता. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवांवर बोट ठेवले, तेव्हा त्यांची उपेक्षाच झाली. १९०५ नंतरच्या प्रयोगांनी त्यांचे म्हणणे सिद्ध केले. उंदीर मेला की त्याच्या थंड होणाऱ्या अंगावरून पिसवा उतरतात आणि दुसरे ऊबदार रक्त शोधतात. म्हणजे मेलेला उंदीर आणि घरातले पहिले आजारपण यांच्या मध्ये काही दिवस मिळतात. त्या थोड्या दिवसांत घर सोडणारे कुटुंब वाचण्याचा संभव मोठा. उघड्या शिवारातल्या खोपटात घराइतके उंदीर नसत. गावकऱ्यांना पिसवांचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण उंदराचा इशारा त्यांनी वाचला होता. उलट, रोग्याच्या सोबत्यांना दाटीच्या छावणीत डांबणारी सुरुवातीची सरकारी पद्धत माणसाला अडवीत होती आणि उंदराला मोकळे सोडीत होती. काही वर्षांतच सरकारनेही सक्ती बरीच सैल केली आणि गाव सोडून बाहेर राहण्याला उत्तेजन दिले. म्हणजे ‘उठवले’ची धोरणे मागे घेऊन ‘उठले’ला मान्यता दिली. हा लोकांचा केवढा मोठा विजय! त्याची तारीख मात्र कोणी पाठ करत नाही.

या ठिकाणी त्या मालिकेशी एक नवल वाटण्याजोगा विरोध दिसतो. पाश्चात्त्य झोंबीकथेत जगण्याची जागा नेहमी भिंतीच्या आत असते: तुरुंग, तटबंदी, कुंपण घातलेले गाव. बाहेर मृत्यू. बिल हा त्या कल्पनेचा पूर्णावतार आहे. गाव ओस पडले आणि तो त्याचा किल्लेदार झाला. आमच्या प्लेगात भिंतीच्या आतच मृत्यू होता. ज्याने वाड्याचे दार आतून लावून घेतले तो उंदरांसह कोंडला गेला. जीव वाचवायचा तर छप्पर, कुलूप, दार, देवघर हे सगळे टाकून उघड्यावर जावे लागे.

अर्थात ‘गाव उठले’ असे म्हणताना गाव म्हणजे कोण, हा प्रश्न टाळता येत नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला तो टाळण्याची सवय असते. शिवारात खोपट बांधायला स्वतःचे शिवार लागते. दोन महिने बसून खायला कणगीत धान्य लागते. महारवाडा मुळातच गावाबाहेर होता. शिवेची राखण, मेलेली जनावरे ओढून नेणे ही कामे वतनाने त्याच्या माथी मारलेली. बाकीचे गाव रोगाच्या भीतीने ज्या ‘बाहेर’ जात होते, त्या बाहेरच ही माणसे पिढ्यान्पिढ्या ठेवलेली होती. कुंपणाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा अमेरिकी मालिकेत जग कोसळल्यानंतर पडणारा प्रश्न आहे. आपल्याकडे तो साथ येण्यापूर्वीच सोडवून ठेवलेला होता.

म्हणूनच सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू मला या सगळ्या इतिहासाच्या मध्यभागी असावासा वाटतो. दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवस्तीतल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथवर आणले. त्या स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या. रँडचे सोजीर पुण्यातली घरे धुंडाळू लागले ते याच महिन्यात. एकाच शहरात, एकाच महिन्यात, एका बाजूला रोग्याला ओढून नेणारे हात आणि दुसऱ्या बाजूला त्याला उचलून नेणारी पाठ. दोन्ही ठिकाणी रोगी घरातून हलवला जातोच. फरक कशात आहे हे सांगायला फार मोठे तत्त्वज्ञान लागत नाही.

पंडिता रमाबाईंनीही त्याच वर्षी पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळाविषयी संतप्त पत्र छापले; इस्पितळे नकोत असे त्यांचे म्हणणे नव्हते, तिथे स्त्रियांची अब्रू आणि जीव सुरक्षित राहावा एवढेच होते. दुष्काळी भागातून आणलेल्या मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईना, तेव्हा त्यांनी केडगावच्या शेतावर मुक्काम हलवला, आणि मुक्ती मिशन वाढले ते तिथे. उघड्या माळावरच्या तात्पुरत्या वस्तीतून एक संस्था उभी राहिल्याचे हे उदाहरण ‘उठले’च्या खात्यात टाकायचे की ‘उठवले’च्या, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

साहित्याचे काय? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४ ते १९३६) प्लेगचे दिवस येतात ते घरातून: कोण आजारी, कोणाला कुठे हलवले, कोणाच्या उशाशी कोण बसले. इतर आत्मचरित्रांत खोपटांतले दिवस दोन-चार ओळींत येतात आणि जातात, बहुधा बालपणातली मौज म्हणून. कामूच्या ‘ला पेस्त’सारखी (१९४७) कादंबरी आपल्याला लाभली नाही. शेजारच्या कन्नडात मात्र यू. आर. अनंतमूर्तींची ‘संस्कार’ (१९६५) आहे. एका आचारभ्रष्ट ब्राह्मणाचे प्रेत अग्रहारात पडून आहे, त्याला अग्नी कोणी द्यायचा यावर शास्त्रार्थ चालला आहे, आणि त्याच वेळी उंदीर पडू लागले आहेत. लोक अग्रहार सोडून जातात. मेलेला माणूस जिवंतांना सोडत नाही, ही झोंबीकथेची मूळ भीती आहे. ‘संस्कार’मध्ये ती एकाही चावऱ्या प्रेताशिवाय उभी राहते. विद्यार्थ्यांनी ही कादंबरी धर्मचर्चेची म्हणून वाचली असेल, तर एकदा साथीची कादंबरी म्हणून वाचून पाहावी.

ओघात एक विषयांतर. आपल्या भुतांना नाव, गाव, जात आणि पत्ता असतो. मुंजा पिंपळावर राहतो, हडळ बाळंतपणात गेलेली असते, समंधाची वासना कशात अडकली ते सांगता येते. त्यांच्याशी बोलता येते, मागणे विचारता येते. झोंबीला यांतले काही नाही. तो फक्त संख्या आहे. ही कल्पना मुळात हैतीमधली, गुलामांच्या मळ्यांतली: मेल्यावरही ज्याला राबवले जाते असा माणूस. १९६८ च्या जॉर्ज रोमेरो यांच्या चित्रपटानंतर तो राबणारा न राहता खाणारा झाला, आणि राबवणारा मालक कथेतून नाहीसा झाला. हा बदल निरागस नाही. राबणाऱ्यांच्या जमावाची भीती बाळगणाऱ्याला असाच झोंबी सोयीचा. आमच्याच जिल्ह्यात घडणारा ‘झोंबिवली’ (२०२२) हा आदित्य सरपोतदार यांचा मराठी चित्रपट मला याच कारणासाठी आवडला. डोंबिवलीतला टॉवर आणि शेजारची झोपडपट्टी यांच्यातले फाटक हा त्यातला खरा प्रश्न आहे. असो.

फाटकाचीच एक जुनी गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून गावकऱ्यांचे चित्र फार गोजिरवाणे होईल. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा निघे. लाकडाचा लहान गाडा, त्यात नारळ, तांदूळ, हळदकुंकू, कधी कोंबडे. वाजतगाजत तो गावाच्या शिवेपार नेऊन ठेवायचा आणि मागे वळून न पाहता परतायचे. रोग गाड्याबरोबर गेला. गेला कुठे? पुढच्या गावाच्या हद्दीत. त्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी जिल्ह्यांतल्या शाळामास्तरांकडून ए. एम. टी. जॅक्सन यांनी गोळा करवलेल्या आणि आर. ई. एंथोवेन यांनी १९१५ मध्ये संपादित केलेल्या कोकणच्या लोकविद्येच्या ग्रंथात शिवेवर रोग सोडून येण्याच्या अशा चाली नोंदलेल्या आहेत. रानातल्या त्या सांगाड्यांमागचा हिशेब आणि या गाड्यामागचा हिशेब यांत क्रौर्याचे अंतर प्रचंड आहे, पण दोन्हींत एक शीव आहे आणि तिच्या पलीकडचा माणूस मोजलेला नाही.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा तोच १८९७ चा कायदा लागू झाला आणि गावांच्या वेशींवर बाभळीच्या काट्या, ओंडके, पाट्या दिसू लागल्या. गावबंदी. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या महामार्गाने मुंबईतले मजूर कसाऱ्याचा घाट चढत नाशिककडे पायी निघाले होते. १८९७ मध्ये ज्या दिशेने शहर ओसरले, त्याच दिशेने. इथल्या कातकरी कुटुंबांपैकी कित्येक तेव्हा वीटभट्ट्यांवर होती. आपल्याच पाड्याच्या तोंडाशी आडवे ओंडके पाहायची पाळी काहींवर आली. ओंडके टाकणारेही घाबरलेले होते, आणि त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. मी स्वतः त्या दिवसांत दाराची कडी लावून घरात बसलो होतो. मला बिलचे कुंपण समजते.

या सगळ्याला छेद देणारी एक रीत सिंधुदुर्गात आजही टिकून आहे. मालवण तालुक्यातील आचरे, चिंदर इत्यादी गावांची गावपळण. ठरावीक वर्षांनी, देवाचा कौल घेऊन, सारे गाव तीन रात्रींसाठी शिवेबाहेर राहायला जाते. गुरे, कोंबड्या, कुत्री यांच्यासह. आचऱ्यात यात सर्व धर्मांचे लोक सामील होतात. गावात त्या काळात कोण असते याविषयी भुतांपासून देवापर्यंत निरनिराळे सांगतात. कुठल्या साथीची ही आठवण आहे की नाही, यावर मी पैज लावणार नाही. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते की तिथे गाव उठते आणि सगळे उठते. रानात झोपड्या जवळजवळ बांधल्या जातात आणि जेवणे एकत्र होतात. परत यायचे तेही कौल मिळाल्यावर.

त्या मालिकेतल्या भागाचा शेवट एका खिडकीपाशी होतो. बिल आणि फ्रँक यांनी जग सोडताना शयनगृहाची खिडकी मुद्दाम उघडी ठेवलेली असते, मागाहून येणाऱ्याला घरात दुर्गंधी येऊ नये म्हणून. चिठ्ठीत तसे लिहिलेले असते, आणि शेवटी छायाचित्रक त्या उघड्या खिडकीतून दूर जाणाऱ्या गाडीकडे पाहत राहतो. वीस वर्षे कुंपण जपणाऱ्या माणसाची शेवटची कृती. प्लेगच्या घरांत ऊन यावे म्हणून छपरावरची कौले उतरवून ठेवीत. रोग सरल्यावर शिवारातून परत आलेल्या माणसांना आपल्याच माजघरातून आभाळ दिसे. चुना फासायचा, जमीन सारवायची, आणि मग नवरा वर चढे, बायको खालून एकेक कौल देई.